नव्या वेब-मानकाचा स्वीकार : एक्सएचटीएमएलच्या अनुभवाची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे संकेतस्थळ, विभागाची माहितीपाने, ग्रंथालयाची सूची आणि अलीकडे संशोधन नियतकालिकेसुद्धा महाजालावर प्रसिद्ध होऊ लागल्यापासून एक प्रश्न दर काही वर्षांनी आपल्यासमोर येतो. पाने ज्या खूणभाषेत लिहिली जातात तिची नवी आवृत्ती किंवा तिच्या जागी येणारे नवे मानक जाहीर होते. ते स्वीकारावे की थांबावे? हा निर्णय संगणक विभागाचा आहे असे मानून इतर विभाग बाजूला होतात, आणि संगणक विभाग बहुधा 'नवे ते प्रगत' या न्यायाने तो घेऊन टाकतो. वस्तुतः हा प्रश्न मजकुराच्या आयुष्याचा आहे. आज लिहिलेला शोधनिबंध वीस वर्षांनी कोणाला वाचता येईल, तो शोधयंत्राला सापडेल काय, दृष्टिबाधित विद्यार्थ्याला तो ऐकता येईल काय, हे या निवडीवर अवलंबून असते. म्हणून मानकाच्या स्वीकाराची चिकित्सा भाषा, इतिहास आणि गणिताच्या अध्यापकांनीही करणे आवश्यक आहे.

अशा चिकित्सेसाठी एक्सएचटीएमएल या मानकाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. २००० साली ते मोठ्या अपेक्षेने आले, वेबचे पुढचे रूप हेच असे जाणकारांनी सांगितले, असंख्य संकेतस्थळांनी त्याच्या नावाची पाटी आपल्या पानांवर लावली, आणि दहा वर्षांच्या आत त्याची मुख्य वाट बंद झाली. प्रस्तुत लेखात या मानकाच्या बाजूने व विरुद्ध झालेल्या युक्तिवादांचे परीक्षण करून, मराठी मजकुराच्या संदर्भात त्यातून कोणते निकष हाती लागतात ते पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मानकाची पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. त्यांनी पानांसाठी जी खूणभाषा योजली ती एचटीएमएल. मजकुराच्या एखाद्या भागाला कोनी कंसातील खुणा लावून 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' असे सांगणे, एवढेच तिचे मूळ काम. तिची बैठक एसजीएमएल या १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकावर होती. परंतु ब्राउझर बनवणाऱ्यांनी एसजीएमएलचे काटेकोर नियम कधीच पाळले नाहीत. खूण बंद करायची राहिली, दोन खुणा एकमेकींत अडकल्या, तरी ब्राउझर लेखकाचा हेतू ताडून पान दाखवीत असे. या उदारपणामुळेच प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या लक्षावधी लोकांनी पाने लिहिली. मात्र प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा असल्याने एकच सदोष पान दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसे.

वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० आणि डिसेंबर १९९९ मध्ये तिची सुधारित ४.०१ ही आवृत्ती प्रसृत केली. दरम्यान फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल हे मानक आले. यात खुणांची नावे लेखकाने स्वतः ठरवायची असतात. परंतु उघडलेली प्रत्येक खूण बंद झालीच पाहिजे, गुणधर्माचे मूल्य अवतरणचिन्हांतच असले पाहिजे, असे काही नियम अनुल्लंघनीय असतात. या नियमांत बसणाऱ्या मजकुराला सुघटित म्हणतात. या कडक व्याकरणात एचटीएमएल ४ ची पुनर्मांडणी करून २६ जानेवारी २००० रोजी एक्सएचटीएमएल १.० हे मानक जाहीर झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. एक्सएचटीएमएल १.० मध्ये नवी खूण जवळजवळ एकही नव्हती. शब्दसंग्रह एचटीएमएल ४ चाच होता, बदलले होते ते व्याकरण. शब्द तेच ठेवून केवळ शुद्धलेखनाचे नियम कडक करावेत, तसा हा प्रकार होता.

स्वीकाराच्या बाजूचे युक्तिवाद

या मानकाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आज हास्यास्पद वाटावे असे मुळीच नव्हते, आणि त्याची मांडणी न्याय्यपणे केली पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा शिस्तीचा होता. ब्राउझर चुका पोटात घालतात म्हणून लेखक चुका करतात आणि लेखक चुका करतात म्हणून ब्राउझरमध्ये अंदाज बांधणारी गुंतागुंत वाढते, हे दुष्टचक्र कुठेतरी तोडणे त्यांना आवश्यक वाटत होते. दुसरा मुद्दा उपकरणांचा. त्या काळातील मोबाइल संचांची शक्ती तुटपुंजी होती. सदोष मजकुराचा अर्थ लावण्याचे ओझे त्यांना पेलणार नाही, म्हणून सुघटित मजकूरच हवा, असे सांगितले जाई. मोबाइलसाठीच्या वॅप २.० व्यवस्थेने एक्सएचटीएमएलचे एक संक्षिप्त रूप स्वीकारलेही होते. तिसरा मुद्दा पुनर्वापराचा. पान एक्सएमएलमध्ये असले की एक्सएमएलसाठी बनवलेल्या सर्व साधनांनी त्यातून सूची, सारांश किंवा वेगळ्या मांडणीची प्रत काढता येईल. चौथा मुद्दा विस्ताराचा. गणिती सूत्रांसाठीची मॅथएमएल ही भाषा १९९८ मध्येच तयार झाली होती. तिच्यासारख्या भाषा एक्सएचटीएमएलच्या पानात थेट बसवता येतील, हे आश्वासन विज्ञान विभागांना आकर्षक वाटणे स्वाभाविक होते.

याखेरीज एक मुद्दा वारंवार केला जाई, तो असा की एक्सएचटीएमएलमुळे आशय आणि सजावट वेगळी होते. हा मात्र सरळसरळ श्रेयाचा घोटाळा होता. रंग, आकार, अक्षरवळण यांसाठीच्या खुणा टाळून ते काम शैलीपत्रकाकडे सोपवावे, ही शिफारस एचटीएमएल ४ ने १९९७ मध्येच केली होती. जुन्या एचटीएमएलमध्ये राहूनही ती पाळता येत होती, आणि एक्सएचटीएमएलच्या सवलतीच्या रूपात ती धाब्यावरही बसवता येत होती. नव्या मानकाच्या स्वीकाराबरोबर येणारी चांगली सवय आणि ते मानक यांत फरक केला नाही, तर मूल्यमापन चुकते याचे हे ठळक उदाहरण आहे.

युक्तिवादांची चिकित्सा

एक्सएचटीएमएलची खरी कसोटी प्रत्यक्ष व्यवहारात लागली. सर्व्हर जेव्हा ब्राउझरला पान पाठवतो तेव्हा सोबत त्या मजकुराचा प्रकारही कळवतो. नवे व्याकरण लागू व्हायचे तर हा प्रकार 'ॲप्लिकेशन/एक्सएचटीएमएल+एक्सएमएल' असा कळवणे आवश्यक होते. परंतु त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररला हा प्रकार समजतच नसे. पान दाखवण्याऐवजी तो ते धारिका म्हणून उतरवून घेण्याविषयी विचारी. या ब्राउझरमध्ये ही सोय २०११ साली, त्याच्या नवव्या आवृत्तीत आली, म्हणजे मानक जाहीर झाल्यानंतर अकरा वर्षांनी.

यावर पळवाट मानकाच्या परिशिष्टातच होती. काही पथ्ये पाळल्यास एक्सएचटीएमएलचे पान 'टेक्स्ट/एचटीएमएल' या जुन्याच प्रकाराने पाठवता येईल, असे तेथे सांगितले होते. बहुतेकांनी हीच वाट धरली. परिणाम असा की ब्राउझर ते पान नेहमीच्या एचटीएमएलप्रमाणे, नेहमीच्या उदार पद्धतीने वाचू लागला. नव्या व्याकरणाची म्हणून लेखकाने निष्ठेने घातलेली तिरकी रेघ ब्राउझरच्या लेखी केवळ दुर्लक्षिण्याजोगा दोष होती. पानाच्या माथ्यावर नव्या मानकाचे नाव आणि आत जुनाच कारभार, अशी ही स्थिती होती. इयान हिक्सन यांनी २००२ मध्येच या प्रथेवर टीका करणारे टिपण लिहून तिच्यातील विसंगती दाखवून दिली होती. त्यांचा इशारा असा की आज एचटीएमएल म्हणून चालणारी ही पाने उद्या खऱ्या एक्सएमएल पद्धतीने पाठवली तर मोडतील, कारण त्यांतील चुका आजवर कधी उघड झालेल्याच नसतील.

मोडतील म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. एक्सएमएलच्या नियमानुसार सुघटितपणाचा भंग झाल्यास वाचन तेथेच थांबवावे लागते. मोझिला घराण्यातील ब्राउझर अशा वेळी पानाच्या जागी पिवळ्या पार्श्वभूमीवर दोषसूचना दाखवीत. एखाद्या दुव्याच्या पत्त्यातील 'आणि' या अर्थाचे चिन्ह योग्य रीतीने लिहिले नाही, वाचकाच्या अभिप्रायातून एखादी अर्धवट खूण पानात शिरली, एवढ्यानेही संपूर्ण लेख अदृश्य होऊ शकत असे. शिस्तीचा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर असला तरी शिक्षा चुकीच्या माणसाला होत होती. चूक करणारा लेखक किंवा त्याची आज्ञावली. उपाशी राहणारा मात्र वाचक. हिशेबनीसाची बेरीज चुकली म्हणून खातेदाराला बँकेचे दार बंद करावे, तशी ही न्यायव्यवस्था होती.

उपकरणांविषयीचा युक्तिवादही काळाने निकालात काढला. मोबाइल संचांची शक्ती झपाट्याने वाढली आणि संगणकावरील वेबच हातातील संचावर वाचता येऊ लागली. वेगळ्या, शिस्तबद्ध वेबची गरज ज्या टंचाईवर आधारलेली होती ती टंचाईच उरली नाही. तात्कालिक उणिवेवर आधारलेल्या मानकाविषयी सावध राहावे, असा याचा अर्थ होतो.

एक्सएचटीएमएल २.० : तुटलेला धागा

ऑगस्ट २००२ मध्ये एक्सएचटीएमएल २.० चा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. ही केवळ व्याकरणाची दुरुस्ती नव्हती; येथे भाषाच नव्याने रचायची होती, आणि जुन्या पानांशी सुसंगती राखण्याचे बंधन मुद्दाम सोडून दिले होते. अर्ज भरण्याच्या जुन्या खुणांऐवजी एक्सफॉर्म्स ही स्वतंत्र भाषा, कोणत्याही घटकाला दुवा बनवण्याची मुभा, शीर्षकांच्या सहा ठरावीक पायऱ्यांसोबत विभागांच्या घडणीनुसार पायरी ठरणारे शीर्षक, अशा अनेक कल्पना त्यात होत्या.

त्यांपैकी एक साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. एचटीएमएलमध्ये कवितेची ओळ संपली की 'येथे ओळ तोडा' अशी खूण घालतात. म्हणजे खूण तुटीची असते. ओळीला स्वतःचे अस्तित्व नसते. एक्सएचटीएमएल २.० ने ओळ हाच घटक मानला. ओवीचा किंवा अभंगाचा चरण हे छंदाचे एकक आहे, दोन तुटींमधील उरलेली जागा नव्हे, हे जाणणाऱ्याला ही दृष्टी अधिक शास्त्रशुद्ध वाटेल. मसुद्याचे वैचारिक सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही.

तरीही हे मानक वाचकापर्यंत पोहोचलेच नाही. जून २००४ मध्ये कॉन्सॉर्शियमच्या एका कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेरा यांनी असे सुचवले की असलेल्या एचटीएमएलचाच विस्तार करावा, जुनी पाने चालू राहावीत, आणि चूक झाल्यास काय करायचे हे मानकानेच सविस्तर सांगावे. हा प्रस्ताव तेथे फेटाळला गेला. त्यानंतर लगेच ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने व्हॉटडब्ल्यूजी हा स्वतंत्र कार्यगट स्थापन झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये खुद्द बर्नर्स-ली यांनी, साऱ्या जगाला एकदम एक्सएमएलकडे वळवण्याचा प्रयत्न सफल झाला नाही, असे प्रांजळपणे लिहिले. २००७ मध्ये कॉन्सॉर्शियमने एचटीएमएलचा कार्यगट नव्याने उभा केला, आणि जुलै २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ च्या कार्यगटाची मुदत वर्षअखेरीनंतर वाढवली जाणार नाही असे जाहीर झाले.

जे मानक मागील सर्व लेखन निरुपयोगी ठरवते त्याची गुणवत्ता कितीही असली तरी त्याच्या स्वीकाराची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नाचे उत्तर एक्सएचटीएमएल २.० कडे नव्हते. ब्राउझर बनवणाऱ्यांना ते नको होते, लेखकांना आपली पाने पुन्हा लिहायची नव्हती, आणि वाचकाला त्यातून तत्काळ काही मिळणार नव्हते.

एचटीएमएल५ : यश व मर्यादा

एचटीएमएल५ चा पहिला सार्वजनिक मसुदा जानेवारी २००८ मध्ये आला आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ते कॉन्सॉर्शियमचे अधिकृत मानक झाले. श्राव्य व दृक्‌फितींसाठीच्या खुणा, लेख, विभाग, मार्गदर्शक दुवे यांसाठीचे नवे घटक या गोष्टींची चर्चा अधिक झाली. परंतु त्याचे सर्वांत मोलाचे काम कमी दिसणारे आहे. सदोष पान कसे वाचावे याची पायरीनिहाय रीत त्याने लिहून दिली. त्यामुळे एकच चूक सर्व ब्राउझर एकाच प्रकारे सावरून घेऊ लागले. एक्सएचटीएमएलला जी एकवाक्यता शिक्षेतून आणायची होती, ती एचटीएमएल५ ने क्षमेचे नियम बांधून आणली.

त्याच्या रचनाकारांनी २००७ मध्ये मांडलेल्या तत्त्वांत अग्रक्रमाचा एक क्रम आहे. हितसंबंधांत विरोध आला तर प्रथम वापरणारा, मग पानाचा लेखक, मग ब्राउझर बनवणारा, मग मानक लिहिणारा आणि सर्वांत शेवटी तात्त्विक शुद्धता. मानकाच्या परीक्षणाचा निकष म्हणून हा क्रम कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडावा. मॅथएमएल आणि चित्रांसाठीची एसव्हीजी या भाषाही एचटीएमएल५ ने साध्या पानात बसवण्याची मुभा दिली. म्हणजे एक्सएचटीएमएलचे विस्ताराचे आश्वासन त्याच्या प्रतिस्पर्ध्याने पुरे केले. तेही कागदोपत्री लवकर आणि व्यवहारात उशिरा. क्रोम ब्राउझरमध्ये मॅथएमएलचा आजचा आधार २०२३ मध्ये आला.

मात्र विजेत्याची स्तुती करून थांबणे हे चिकित्सेला शोभणारे नाही. एचटीएमएल५ ने विभागांच्या घडणीवरून शीर्षकांची पायरी आपोआप ठरवण्याची योजना मांडली होती. अनेक पाठ्यपुस्तकांनी ती शिकवली आणि लेखकांनी तिच्यावर विसंबून सर्व शीर्षके पहिल्या पायरीची दिली. प्रत्यक्षात ब्राउझर आणि स्क्रीन रीडर यांनी ती योजना पूर्णपणे कधी राबवलीच नाही, आणि २०२२ मध्ये ती मानकातून काढून टाकण्यात आली. यशस्वी मानकातही कागदावर राहणारे भाग असतात, याचा हा पुरावा होय.

दुसरी मर्यादा सत्तेची आहे. मे २०१९ मधील करारानुसार एचटीएमएलचा मुख्य मजकूर व्हॉटडब्ल्यूजीकडे राहिला. त्याच्या सुकाणू समितीत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला, म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्या चार संस्था आहेत. आता एचटीएमएलला क्रमांकित आवृत्ती नाही. ते सतत दुरुस्त होणारे 'चालते' मानक आहे. त्यामुळे 'नवी आवृत्ती स्वीकारावी काय' हा प्रश्नच 'कोणता भाग केव्हा वापरावा' असा सुटा होऊन रोज विचारावा लागतो. वाचकाला प्राधान्य देण्याचे तत्त्व लिहिणारे आणि निर्णय घेणारे जेव्हा बाजारातील मोठे खेळाडूच असतात, तेव्हा त्या तत्त्वावर पहारा ठेवण्याचे काम शिक्षणसंस्थांसारख्या तटस्थ वापरकर्त्यांवर येते.

मराठी मजकुराचा प्रश्न

ही सारी चर्चा इंग्रजी पाने डोळ्यांपुढे ठेवून झाली. मराठीच्या संदर्भात तिचे रूप बदलते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी संकेतस्थळांवर फॉण्टनिष्ठ लेखनाची पद्धत रूढ होती. संगणकात साठवली जात ती रोमन अक्षरांची सांकेतिक मूल्ये. विशिष्ट फॉण्ट लावला की त्यांच्या जागी देवनागरी वळणे दिसत. फॉण्ट नसेल तर वाचकासमोर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उभी राही.

एचटीएमएल ४ ने फॉण्ट ही खूण त्याज्य ठरवली, कारण ती केवळ सजावटीची होती. इंग्रजी पानाच्या बाबतीत हे बरोबरच होते. खूण काढली तर अक्षरांचे वळण बदलेल, मजकूर तसाच राहील. फॉण्टनिष्ठ मराठी पानात मात्र तीच खूण मजकुराचा प्राण होती. ती काढली की लिपीच नाहीशी होई. अशा पानाला नव्या मानकाच्या कठोर नियमांत बसवून वैधतेचे प्रमाणपत्र मिळवणे अशक्य नव्हते. फॉण्टचे नाव शैलीपत्रकात हलवले की झाले. पान तांत्रिकदृष्ट्या निर्दोष ठरे आणि तरीही त्यातील एकही मराठी शब्द शोधयंत्राला सापडत नसे. वैधता आणि वाच्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे कशाने दिसावे?

मराठीला ज्या मानकाची निकड होती ते खूणभाषेच्या खालच्या थरात होते. ते म्हणजे युनिकोड. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे, आणि त्याची मांडणी इस्की या भारतीय संकेतव्यवस्थेवर आधारलेली आहे. विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर देवनागरी युनिकोड वापरता येऊ लागला. या स्थित्यंतरासाठी एक्सएचटीएमएलची अट नव्हती, कारण जागतिक वर्णसंच हा पाया एचटीएमएल ४ ने आधीच घातला होता. युनिकोडमध्ये लिहिलेले साधे, काहीसे सदोष पान आजही शोधता येते आणि वाचता येते. फॉण्टनिष्ठ पण वैध एक्सएचटीएमएल पान आज रूपांतरकाच्या मदतीशिवाय निरुपयोगी आहे.

अर्थात युनिकोडचा स्वीकारही एका दिवसात पूर्ण होत नाही. 'ॲ' या मराठी अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ते 'अ' आणि चंद्रखूण अशा दोन संकेतांनी लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसत असली तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. ग्रंथालयाच्या सूचीत एकच शब्द या दोन प्रकारे नोंदला गेला असेल, तर शोध घेणाऱ्याला अर्धीच पुस्तके मिळतील.

खूणभाषेच्या थरात मराठीच्या कामाची जी गोष्ट आहे ती आकाराने फार लहान आहे. पान किंवा त्याचा भाग कोणत्या भाषेत आहे हे सांगणारा 'लँग' हा गुणधर्म. देवनागरी ही मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोंकणी अशा अनेक भाषांची लिपी असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा ओळखणे विश्वसनीय नसते. 'एमआर' हा मराठीचा संकेत दिला की स्क्रीन रीडर मराठी उच्चारव्यवस्था निवडू शकतो आणि ज्या फॉण्टमध्ये सोय आहे तेथे 'ल' व 'श' यांची मराठी वळणे उमटू शकतात. सुगम्यतेच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा नोंदवणे ही सर्वांत प्राथमिक स्तरावरील अपेक्षा आहे.

आता पहा. एक्सएचटीएमएल १.१ या २००१ च्या मानकाने व्याकरणाच्या शुद्धतेसाठी हाच 'लँग' गुणधर्म वगळला आणि एक्सएमएलचा समानार्थी गुणधर्म तेवढा ठेवला. परंतु पान जुन्या प्रकाराने पाठवले की ब्राउझर त्या एक्सएमएल गुणधर्माला भाषेची नोंद मानत नाही. म्हणजे मानकाचे तंतोतंत पालन करणाऱ्या मराठी पानाची भाषा व्यवहारात अनोळखी ठरे. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत 'लँग' परत आणावा लागला. शुद्धतेला वाचकाच्या वर बसवल्याची किंमत अशी अगदी दोन अक्षरी संकेतातही मोजावी लागते.

महाविद्यालयीन प्रकाशनाच्या दृष्टीने

वरील विवेचनावरून एक्सएमएलची शिस्तच निरुपयोगी होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती शिस्त चुकीच्या जागी लावली गेली होती. ई-पुस्तकांसाठीचे ईपब ३ हे २०११ पासूनचे मानक एचटीएमएलचे एक्सएमएल रूपच वापरते आणि ते यशस्वी आहे. कारण तेथे पुस्तक बाहेर पडण्यापूर्वी प्रकाशकाच्या टेबलावर तपासले जाते. चूक सापडते तेव्हा ती दुरुस्त करू शकणारा माणूस समोर असतो, वाचक नसतो. त्याचप्रमाणे साहित्यिक संहितांसाठीच्या टीईआय या उपक्रमाने, ज्याची सुरुवात १९८७ मध्ये झाली, ओळ, कडवे, पाठभेद यांसाठी सूक्ष्म खुणांची व्यवस्था केली आहे. एक्सएचटीएमएल २.० ला साध्य न झालेली 'ओळ' तेथे पूर्वीपासून आहे. संत-साहित्याची चिकित्सक संहिता करणाऱ्या विभागाने मूळ प्रत टीईआयमध्ये ठेवावी आणि वाचकासाठी तिच्यातून एचटीएमएल पान तयार करावे, हा मार्ग अधिक सुज्ञपणाचा आहे.

मूळ प्रत आणि दर्शनी पान यांच्या या विभागणीचे मराठीतील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखक एचटीएमएलमध्ये लिहीत नाहीत. साध्या विकी-खुणांत लिहितात, आणि मीडियाविकी ही आज्ञावली त्यातून पान घडवते. पूर्वी ते पान एक्सएचटीएमएलचे असे, पुढे ते एचटीएमएल५ चे झाले. काही साच्यांतील जुन्या सजावटी खुणांची डागडुजी करावी लागली, परंतु लेख पुन्हा लिहावे लागले नाहीत. ज्यांनी आपला मजकूर हातानेच एखाद्या मानकाच्या चौकटीत बसवला होता, त्यांना प्रत्येक स्थित्यंतराची किंमत स्वतंत्रपणे मोजावी लागली.

आपल्या नियतकालिकांची स्थिती या दृष्टीने तपासून पाहावी. पुष्कळ ठिकाणी अंक फॉण्टनिष्ठ लेखनात जुळवला जातो आणि त्याची पीडीएफ प्रत संकेतस्थळावर ठेवली जाते. ती छापून वाचता येते. परंतु तिच्यातील मजकूर शोधता येत नाही, उद्धृत करण्यासाठी उचलता येत नाही, आणि दृष्टिबाधित वाचकाला तिच्यातून अर्थहीन ध्वनी ऐकू येतात. अशा संस्थेने नव्या वेब-मानकाचा आग्रह धरून संकेतस्थळाचे बाह्यांग बदलणे म्हणजे पायाला भेग असताना रंगकाम करण्यासारखे आहे.

समारोप

एक्सएचटीएमएलचा अनुभव नव्या मानकाला विरोध करण्यास शिकवत नाही. युनिकोड हेही एकेकाळी नवेच मानक होते, आणि त्याचा स्वीकार लांबवणाऱ्यांचे नुकसान अधिक झाले. प्रश्न नवेपणाचा नसून परीक्षणाचा आहे. प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) मानकाने देऊ केलेला लाभ वाचकाच्या हातातील साधनात आज मिळतो काय, हे प्रथम पाहावे. न मिळणारा लाभ केवळ आश्वासन समजावा.

२) चुकीची शिक्षा कोणाला होते हे तपासावे. कठोर मानके निर्मितीच्या टप्प्यावर, तपासणाऱ्या माणसासमोर वापरावीत. वाचनाच्या टप्प्यावर उदार मानकच उचित होय.

३) पूर्वीचे लेखन ज्याच्या स्वीकारानंतर निरुपयोगी होते, त्या मानकाच्या बाजूने पुराव्याचा भार पुरस्कर्त्यावर टाकावा.

४) मराठीसाठी अग्रक्रम युनिकोडचा, नंतर भाषानोंदीचा, नंतर शीर्षक-परिच्छेदांच्या योग्य रचनेचा, आणि त्यानंतरच खूणभाषेच्या नव्या सोयींचा असावा.

५) मूळ मजकूर दर्शनी पानापासून स्वतंत्र जतन करावा, म्हणजे पुढील मानक येईल तेव्हा संस्थेला आपला संग्रह पुन्हा टंकित करावा लागणार नाही.

यांपैकी चौथा आणि पाचवा निष्कर्ष अमलात आणण्यासाठी मोठ्या खर्चाची किंवा बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही. पुढील अंकासाठी लेख केवळ युनिकोडमध्येच स्वीकारण्याचा ठराव संपादक मंडळाने केला आणि मागील अंकांच्या मूळ धारिका ज्या संगणकांवर पडून आहेत तेथून त्या गोळा करून रूपांतरित करण्याचे काम एखाद्या विभागाने अंगावर घेतले, तरी आरंभ होईल. हे काम जितके लांबेल तितकी त्या धारिका उघडू शकणाऱ्या आज्ञावली आणि ते फॉण्ट ओळखणारी माणसे दुर्मीळ होत जातील.